अक्का, आता मधे कोण बोलणार?

अक्का, तुमचं तेरावं झालं. मांडव सुटला, पाहुणे आपापल्या गावी गेले, भाड्याच्या चटया आणि पातेली परत पोचली. तुम्ही असता तर पदराला हात पुसत म्हणाला असतात, "सुमीनं यादी केली आसंल, म्हंजी एक चमचाबी हारपायचा न्हाई." केली होती मी यादी. कोणाला कळवायचं, कोणाला आणायला गाडी पाठवायची, म्हशींच्या धारा कोण काढणार, सगळं लिहिलेलं होतं आणि सगळं वेळेवर झालं. रडायला मात्र कुठेच जागा ठेवलेली नव्हती. ते राहून गेलं.

पण आज तुमच्याशी बोलायला बसले आहे ती आबांसाठी.

तुम्ही गेल्यापासून आबा झोपेनात. पहाटे मी उठायचे तेव्हा ते बाजेवर बसलेले असायचे, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, जणू कोणीतरी हाक मारणार आहे आणि उठायला उशीर नको. जेवायला बसले की अर्ध्या भाकरीवर हात धुवायचे. दुपारी छातीवर हात ठेवून गोठ्याच्या खांबाला टेकलेले मी दोनदा पाहिले. मला ते ओळखू आलं. आतून कोणीतरी मुसळानं कुटतंय असं वाटतं, तोंडाला कोरड पडते, आणि समोरचं घर आपलंच असून परकं दिसायला लागतं. मी त्यातून गेले आहे. मला त्यांना सांगता आलं असतं की यानं माणूस मरत नाही, यावर इलाज आहे. पण मी त्यांना काहीही सांगू शकत नव्हते, कारण मधे तुम्ही नव्हतात.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर हसेल. आबा तुमचे मालक, माझे थोरले दीर, आणि आपल्या घरात धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. मी लग्न होऊन न्हावऱ्यात आले तेव्हा सासूबाईंनी दाखवून दिलं होतं, आबा ओसरीवर आले की पदर डोक्यावर घ्यायचा आणि आत व्हायचं. सासूबाई गेल्या. पदर खांद्यावर आला. मी दूध संकलन केंद्रावर कामाला लागले, आसपासच्या वस्त्यांवरच्या पुरुषांना 'दुधात पाणी आहे' असं तोंडावर सांगायला लागले. पण आबांशी बोलणं काही सुरू झालं नाही. त्यांनीही कधी केलं नाही. गरजच पडली नाही, कारण तुम्ही होतात.

अंगणात ते, अंगणात मी, मधे एक बादली. ते म्हणायचे, "अगं, तिला म्हणावं, लाईट आलीया. मोटार टाकायची का?" तुम्ही भाकरी थापता थापता म्हणायचात, "सुमे, मोटार टाकायची का?" मी म्हणायचे, "अक्का, त्यांना सांगा, जरा थांबा, टाकी भरतेय." तुम्ही म्हणायचात, "टाकी भरतीया." एकदा तुम्ही पिठाचा हात तसाच वर करून ओरडलात, "मी माणूस हाय का टावर? दोघांच्या कानात बोळं घातल्यात का?" आबा खाली बघून हसले. मी पदरात हसले. आणि लगेच आबा म्हणाले, "अगं, तिला म्हणावं, टाकी भरली." तुम्ही उलथनं उचललं होतंत.

तुम्ही गेल्यावर आबा म्हशीला सांगायला लागले. तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चहा झाला आसला तर बरं हुईल." मी कप आणून ओट्यावर ठेवायचे आणि मांजराला सांगायचे, "चहा ठेवलाय." मांजर माझ्याकडे बघायचं. तेरा दिवस घरात माणसं होती म्हणून हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. तुमची लेक रूपा होती, तिची पोरं होती, निरोप इकडून तिकडे जात होते. ती दौंडला परत गेली, तुमचे धाकटे दीर, म्हणजे आमचे हे, पुन्हा ड्यूटीवर जायला लागले, आणि दिवसभर घरात आम्ही दोघंच उरलो. इतकं गप्प घर मी कधी ऐकलं नव्हतं.

तुम्हाला आठवतं, माझं दुखणं आधी तुम्हीच ओळखलं होतं. ऊस डोक्याच्या वर गेला होता तेव्हाची गोष्ट. शेजारच्या वस्तीवरची कालवड बिबट्यानं ओढून नेली. मला रोज उजाडायच्या आधी उसाच्या मधल्या रस्त्यानं केंद्रावर जायचं असायचं, दूध यायच्या आत फॅटचं मशीन लावून ठेवायला. पहिले काही दिवस नुसती भीती वाटली. ती सगळ्यांनाच वाटत होती. मग ती भीती रस्त्यावरून उठून घरात आली. भांडी घासताना छाती धडधडायची. हाताला मुंग्या यायच्या. भर दुपारी, दार बंद असताना, श्वास पुरत नाही असं व्हायचं. मी कोणाला बोलले नाही. तुम्ही मात्र एकदा माझ्या हातातलं ताट काढून घेतलंत आणि म्हणालात, "वाघरू उसात हाय का तुझ्या पोटात, ते आधी बघून यिऊ."

शिरूरच्या डॉक्टरांनी हृदयाची पट्टी काढली. हृदय ठणठणीत होतं. ते म्हणाले, हा चिंतेचा आजार आहे, लाजण्यासारखं यात काही नाही. त्यांनी गोळी दिली आणि काय काय करायचं ते सांगितलं. मी घरी येऊन नीट तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. पहाटे उठणे. दीर्घ श्वसन. चालणे. दुपारनंतर चहा बंद. झोपण्यापूर्वी मोबाईल बंद. तुम्हाला वाचून दाखवला तर तुम्ही डोळे बारीक केलेत. "श्वास घ्यायचंबी लिहून ठिवलंय? आन् लाईट गेल्यावर वाचता न्हाई आलं तर काय करशील?" मला राग आला होता. मग हसू आलं. त्या हसण्यात पहिल्यांदा श्वास पुरा आत गेला, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही काठी घेऊन दारात उभ्या. "चल. सोडून येती." मी म्हटलं, "अक्का, तुमच्या धारा?" "म्हशी कुठं पळून चालल्या न्हाईत." आणि वाटेला लागल्यावर तुमचा एकच नियम होता, मोठ्यानं बोलायचं. माणसाचा आवाज आला की वाघरू बाजूला होतं. आणि तुमचं असंही म्हणणं होतं की गप राहिलं की भीतीला आत जागा होते. मला बोलायला काही सुचायचं नाही. तुम्ही म्हणायचात, "काय न्हाई तर काल काय भाजी केली ती सांग. वरडून सांग." मग मी उसाकडे तोंड करून शेपूच्या भाजीत मुगाची डाळ किती घातली ते ओरडून सांगायचे, आणि तुम्ही तितक्याच मोठ्यानं त्यात खोट काढायचात. रानाला पाणी द्यायला आलेले एक मामा थांबून म्हणाले, "काय वं, जावाजावांचं भांडान एवढ्या पहाटं?" तुम्ही म्हणालात, "भांडान न्हाई वं मामा. वाघाला सैपाक शिकवतूय."

महिना-दोन महिने आपण असं रोज भांडत गेलो, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की केंद्राचं शटर दिसेपर्यंत मला छाती आठवलीच नव्हती.

मग काशाची वाटी. आपल्याकडं घरोघरी ती माहीत आहे, तळपायाला तूप लावून वाटीनं घासायचं, झोप लागते. पण माझे पाय तुम्ही मांडीवर घेतलेत तेव्हा मी ते मागे ओढले. थोरली जाऊ धाकटीच्या पायाला हात लावते का कुठे? सणाला मी तुमच्या पाया पडते, आणि तुम्ही माझे तळपाय घेऊन बसणार! "अक्का, मला पाप लागेल." तुम्ही घोटा घट्ट धरलात आणि म्हणालात, "पाप माझ्या नावावर टाक, झोप तुझ्या." वाटी गोल गोल फिरत राहिली. तूप काळं पडत गेलं. तुम्ही ते मला दाखवलंत, "बघ, किती उष्णता निघाली." मी म्हटलं, ही उष्णता नाही, धातू तुपात उतरला की ते काळं होतंच, कोणाच्याही पायाला लावा. तुम्ही म्हणालात, "मग झोप कशानं लागती गं शहाणे?" मी म्हटलं, "कोणीतरी पाय चोळले की लागते." तुम्ही वाटीला पुन्हा तूप लावलंत. म्हणालात, "त्येबी खरं आसंल." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा, "बघ, किती उष्णता."

जायफळाचंही तसंच. तुम्ही सहाणेवर उगाळून दुधात द्यायचात. मी विचारायचे, किती? तुम्ही म्हणायचात, "बोटाला लागंल एवढं." मला असलं माप चालत नाही. एकदा तुम्ही रूपाकडे दौंडला गेला होतात तेव्हा मी माझ्या हिशेबानं घेतलं, नीट चमच्यानं. सकाळी उठायचं भान राहिलं नाही, दिवसभर तोंडात वाळवंट आणि डोकं कापसाचं. दूधवाले केंद्राच्या शटरपुढे उभे राहून माझ्या नावानं शंख करत होते. तुम्ही परत आल्यावर डोक्याला हात लावलात. "अगं, औषध हाय ते. लापशी न्हाई चमच्यानं खायाला." तेव्हापासून मी त्या डब्याला हात लावत नाही. जायफळ, वेखंड, खसखस, अश्वगंधेची पूड, वाळलेली ब्राह्मी, सगळं तुमच्या त्या उभ्या स्टीलच्या डब्यात, आणि प्रत्येकाचं माप तुमच्या बोटात.

आपलं एक भांडण मात्र मिटलंच नाही. गोळीचं. डॉक्टरांनी सांगितले तितके महिने मी गोळी घेतली आणि त्यांनी सांगितल्यावरच हळूहळू बंद केली. तुम्हाला ते लागलं. "माझ्या हाताला गुण न्हाई म्हण की." मी म्हणायचे, दोन्हीला आहे. तुम्ही म्हणायचात, "दोन दगडावर पाय ठिवणारं माणूस मधीच पडतं." मी म्हणायचे, "एकाच दगडावर उभं राहणारं जास्त पडतं." तुम्ही उठून गोठ्यात जायचात. बरी झाले तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की चालण्यानं आणि वाटीनं बरी झाली. मी ते खोडलं नाही. पण डॉक्टरांकडे जावंच लागतं कधी कधी, हे तुमच्या तोंडून एकदा वदवून घ्यायचं मनात होतं. वेळ खूप आहे असं वाटत होतं.

मग तुमचीच वाचा गेली. अर्धं अंग गेलं आणि बोलणंही. दवाखान्यात तुमच्या खाटेच्या एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला मी. तुम्ही एकदा त्यांच्याकडे बघायचात, एकदा माझ्याकडे. पुन्हा त्यांच्याकडे. मला वाटलं पाणी हवंय. मी चमच्यानं ओठ ओले केले. तुम्ही डोळे मिटलेत आणि पुन्हा तेच, एकदा इकडे, एकदा तिकडे. त्याही वेळी आबा आणि मी एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. नर्सला सांगायचो, तिनं दुसऱ्याला सांगायचं.

आता ऐका पुढचं. पाहुणे गेल्यानंतर आबांनी तुमचा डबा काढला. आधी मला बरं वाटलं, तुमच्या आठवणीनं काढला असेल. मग बघते तर ते रोज सहाण घेऊन बसायला लागले. जायफळ उगाळतायत, उगाळतायत, थांबतच नाहीत. अश्वगंधेची पूड मूठभर. वेखंडही त्यातच. सगळं एका पेल्यात घालून घटाघट. रक्तदाबाची गोळी मात्र तशीच देवळीत पडलेली. सांज व्हायच्या आधीच ते झोकांड्या देत गोठ्यातून येताना दिसले. मी धावले आणि चार पावलांवर थांबले. हात धरू का नको? त्यांनी भिंत धरली. मी भिंतीला म्हटलं, "जपून."

मी डबा उचलून आत ठेवला. सकाळी आबा म्हशीला म्हणाले, "माझ्या वस्तूला कुणी हात लावू नये." डबा परत बाहेर.

यांना सांगितलं, तुम्ही बोला तुमच्या भावाशी. हे हातातला घास तसाच धरून म्हणाले, "मी? आबांना? आबा, तुम्ही चुकीचं औषध घेताय, असं मी सांगू? लहानपणी थोबाडीत खाल्लीया मी." पन्नाशी उलटलेला माणूस, अक्का. मग मी रूपाला फोन लावला. स्पीकर चालू करून आबांच्या ओट्यावर ठेवला आणि मी दारात उभी राहिले.

"रूपा, आबांना सांग, जायफळ असं घ्यायचं नसतं."

"आबा, काकू म्हणतीया जायफळ असं घ्यायचं नसतं."

आबा म्हणाले, "तिला सांग, तुझी आई देत हुती."

"काकू, आबा म्हणत्यात..."

"ऐकलं मी. त्यांना सांग, अक्का बोटाला लागेल एवढंच द्यायच्या. आणि त्यांना सांग, छातीत धडधडतंय ते मला दिसतंय, आणि त्यांना सांग, दवाखान्यात जायला हवं."

 मग पोरगी जी भडकली! अगदी तुमचा आवाज. "किती लांब बसलाय तुमी दोघं? चार हातावर ना? आन् मी दौंडात बसून तुमचं निरोप पोचवू? आई गेली माझी. मला रडू द्या का न्हाई? डॉक्टरची वेळ मी घेऊन ठिवती. यायचं तर या." आणि फोन बंद.

ओट्यावर तो काळा फोन. आबा त्याच्याकडे बघत होते, मीही त्याच्याकडेच बघत होते. म्हैस रवंथ करत होती. तिच्याकडे तोंड करून काही बोलायची दोघांनाही लाज वाटली असावी.

मी डोक्यावर पदर घेतला. इतक्या वर्षांत तो सवयीनं घेतला होता, त्या दिवशी हिंमत यावी म्हणून घेतला.  आणि मी म्हटलं, "आबा."

त्यांनी मान वर केली नाही, पण हातातली सहाण खाली ठेवली.

मला नीट बोलायचं होतं. रक्तदाब, गोळी, जायफळाचा अंमल, सगळं क्रमानं मनात मांडलेलं होतं. तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "अक्का मला म्हणाल्या होत्या. जायच्या आधी म्हणाल्या होत्या, यांना काही झालं तर डॉक्टरकडे ने. घरातल्या औषधावर ठेवू नको."

अक्का, तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. जिवंत असताना जे वदवून घेता आलं नाही ते मी तुमच्या माघारी तुमच्या तोंडी घातलं.

आबांनी उंबऱ्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "बस."

मला. म्हशीला नाही. मी उंबऱ्यावर बसले.

"ती आसं म्हणायची न्हाई," ते म्हणाले. "दवाखान्याचं नाव काढलं की तिला राग यायचा. तुला म्हाईत हाय, मलाबी म्हाईत हाय. कशाला तिच्या नावावर खपवतीस?"

 ते पुढं म्हणाले, "तुला वाघराची भ्या वाटायची तवा तुला सोडाया जायची ना ती? तुला केंद्रावर सोडून माघारी यायची, आन् त्या हौदाच्या कडंला बसायची. हात थरथरायचं तिचं. किटली धरता यायची न्हाई. धारा मी काढायचो मग. मी म्हणायचो, नगं जात जाऊ, आपुन गड्याला पाठवू. तर म्हणायची, 'जाताना दोघी आसतो, काय वाटत न्हाई. येताना यकटीच आसती. पर तिला सांगू नका.' मी कशाला सांगतोय? मी तुझ्याशी बोलतो कुठं?"

त्या रस्त्याला दोन बाजू होत्या, अक्का. मी एकीचाच विचार केला. केंद्राचं शटर वर करून मी माझ्या कामाला लागायचे आणि तुम्ही काठी घेऊन वळायचात, त्याच उसातून, आणि मोठ्यानं बोलायला बरोबर कोणी नसायचं. मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही की तुम्हाला कशाची भीती वाटते. मला वाटायचं, भीती माझ्याकडे आहे आणि औषध तुमच्याकडे. घरातली माणसं आपण अशीच मनात ठरवून टाकलेली असतात, हा भित्रा, तो धीराचा. तुमच्या डब्यात तुमच्यासाठी काय होतं? तुमचे तळपाय कोणी चोळले?

हे आबांना विचारलं. थेट विचारलं, तोंडानं. ते म्हणाले, "मी चोळायचो की." आणि इतके ओशाळले की उठून वैरणीकडे गेले. मला एवढं बरं वाटलं, काय सांगू. तुमच्या वाट्याला कोणीतरी होतं. दाराआड का होईना, होतं.

वैरण टाकून ते परत आले, लांबच उभे राहिले आणि म्हणाले, "येतो मी दौंडाला. तू खोटं बोललीस म्हणून न्हाई. तू बोललीस म्हणून. पर तूच चल संगं. मला काय हुतंय त्ये मला सांगता यायचं न्हाई."

आम्ही एसटीनं गेलो. ते पुढच्या सीटवर, मी मागे बायकांत. स्टँडवर उतरल्यावर त्यांनी एकदा मागे वळून मी आहे ना ते पाहिलं. रूपा दवाखान्याच्या दारात उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण आम्ही दोघं एकाच रस्त्यानं बोलत येतोय हे बघून तिनं पदर तोंडाला लावला. बोलणं काय, तर मी म्हणत होते, "इथून उजवीकडे," आणि ते म्हणत होते, "म्हाईत हाय." तेवढंच. पण बोलत होतो.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, रूपापेक्षा लहानच असतील. त्यांनी रक्तदाब घेतला, डोळे पाहिले, जिभेचा रंग पाहिला, काय काय घेता ते विचारलं. जायफळाचं ऐकून त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, चिमूटभर दुधातून घ्यायला माझी हरकत नाही, माझी आजीही देते. पण एवढं घेतलं तर ते अंगावर येतं. आणि रक्तदाबाची गोळी सोडायची नाही." मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, "आता मला सांगा, नक्की काय होतंय?"

आबांनी सवयीनं मान बाजूला वळवली. तिथं मी बसले होते. त्यांचे ओठ हलले, "हिला सांग..." एवढंच, आणि पुढं काही आलं नाही. मला सगळं ठाऊक होतं, झोप किती, भूक किती, धडधड कधी. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

डॉक्टरीणबाई घाईत नव्हत्या. बाहेर कोणाचं तरी पोर रडत होतं. शेवटी आबा टेबलाकडे बघत म्हणाले, "मंडळी गेली माझी."

इतक्या दिवसांत त्यांनी हे एकदाही उच्चारलं नव्हतं. आलेल्या पाहुण्यांना नुसते हात जोडायचे. आता एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. घर खायला उठतं म्हणाले. पहाटे काठीचा आवाज येतो म्हणाले. पाणी प्यायला उठलं तरी 'अगं' म्हणून तोंडात येतं आणि छातीत काहीतरी निसटतं म्हणाले. मग रडले, टोपी काढून तोंडावर धरून. मी जागेवरून उठले नाही. पाणी द्यायला जावंसं वाटलं, पण ते रडणं मोडायला नको होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकूंचं नाव काय होतं?"

अक्का, लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची रीत आपल्यात कुठे आहे? मी तरी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. 'अगं', 'रूपाची आई', फार तर 'ऐकलं का'. मला वाटलं ते माझ्याकडे बघतील. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली, नीट घडी घातली आणि म्हणाले, "इंदू."

आणि कोणी काही विचारलं नसताना पुढं म्हणाले, "कागदावर इंदुमती हाय. मी इंदू म्हणायचो. तोंडानं न्हाई. मनात."

ते आता थोडं झोपतात. गोळी मी डोळ्यांदेखत घ्यायला लावते, आणि दूध उकळून समोर ठेवते. अजून बरेच दिवस लागतील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांना एकटं बसू देऊ नका असंही. मी बसत जाईन. पण ही एक गोष्ट त्यांना तुम्हाला सांगता आली नाही, आणि ती तुमच्यापर्यंत पोचायला हवी. म्हणून मी मधे पडून सांगते आहे. अक्का, ते म्हणतायत, तुम्हाला ते मनात इंदू म्हणायचे.